कॅम्पातला यिर्मयाचा शनिवारचा वर्ग, आणि वेढ्यात लिहिलेलं एक खरेदीखत

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं सांगतो, पण ज्यांना बायबलचा जुना करार वाचताना हे राजे कोण, ही लढाई कुठली, कोण कुणावर चालून आलंय असं होऊन पुस्तक मिटून ठेवावं वाटतं त्यांनी हा वर्ग करावाच असं माझं मत आहे. बेळगावात कॅम्प भागात एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरतो, शनिवारी संध्याकाळी 6 ते 7.30 (8 वाजतातच), आठ शनिवार, फी 600 रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स आणि मधला चहा आला. विषय एकच, यिर्मया संदेष्टा आणि तो बोलत होता तेव्हा चाललेलं युद्ध. शिकवणारे सर हायस्कूलात इतिहास शिकवून रिटायर झालेत, नाव टाकत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

मी खानापूरचा, बाँड रायटर, म्हणजे सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर टेबल टाकून खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र लिहायचं काम, 22 वर्षं झाली. आमच्या घरी आजीपासून मराठी बायबल आहे, रविवारची उपासना चुकत नाही, आणि तरी यिर्मयाचं पुस्तक मी कधी सरळ वाचून संपवलं नव्हतं, कारण ते पुस्तक सरळ जातच नाही. एका अध्यायात सिद्कीया राजा, पुढच्यात मागचा यहोयाकीम, परत सिद्कीया, माणूस गोंधळतो. सरांनी पहिलं काम काय केलं तर 52 अध्याय तारखेप्रमाणं लावून एक पानाचा तक्ता दिला, कुठला अध्याय कुठल्या राजाच्या कितव्या वर्षातला. त्या एका पानासाठी 600 रुपये दिले असते तरी चाललं असतं.

पहिल्या शनिवारी बायबल उघडायलाच लावलं नाही. भिंतीवर हातानं काढलेला नकाशा, वर उजवीकडं बाबेल (बॅबिलोन), खाली डावीकडं मिसर (इजिप्त), आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात यिर्मयाचा देश यहूदा, त्याची राजधानी यरुशलेम. सर म्हणाले दोन मोठ्या वाड्यांच्या मधला हा बोळ आहे, ज्याला दुसऱ्यावर चालून जायचं तो इथूनच जाणार. आम्ही सीमाभागातली माणसं, दोन्हीकडची ओढाताण म्हणजे काय ते आम्हाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, हॉलमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. मग तारखा. इ.स.पू. 612 ला निनवे पडलं आणि अश्शूरचं राज्य मोडलं. 609 ला यहूदाचा योशीया राजा मगिद्दोला मिसरच्या फारो नखोला आडवा गेला आणि मेला, ज्या राजावर सगळ्या देशाची आशा होती तो. 605 ला कर्कमीशला बाबेलच्या नबुखद्नेस्सरनं मिसरी फौजेचा धुव्वा उडवला. हे सगळं सात वर्षांत, आणि यिर्मया तेव्हा तरणा, यरुशलेमच्या ईशान्येला चार-पाच किलोमीटरवरच्या अनाथोथ गावचा, याजकाच्या घरातला. कॅम्पातून हिंडलगा जेवढं लांब तेवढंच म्हणा.

मला कायम पडलेला प्रश्न हा की लोक त्याचं ऐकत का नव्हते, इतकं उघड उघड संकट दिसत असताना. त्याचं उत्तर दुसऱ्या शनिवारी मिळालं आणि ते मला फार पटलं. इ.स.पू. 701 ला अश्शूरचा सन्हेरीब यहूदाची गावंच्या गावं घेत आला, लाखीश घेतलं, यरुशलेमला वेढा घातला, पण यरुशलेम पडलं नाही. तेव्हापासून शंभर वर्षं लोकांच्या मनात बसलं की हे शहर पडणारच नाही, इथं देवाचं मंदिर आहे. म्हणून सातव्या अध्यायात यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून सांगतो की 'परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर' असं घोकत बसू नका, आधी परक्याला, पोरक्याला, विधवेला न्याय द्या. मी हे आधी वाचलं होतं तेव्हा मला ते नुसतं रागावणं वाटलं होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या मलप्रभेला पूर आला तेव्हा काठावरची म्हातारी माणसं घर सोडायला तयार नव्हती, माझ्या बापाच्या हयातीत पाणी या पायरीच्या वर आलेलं नाही म्हणायची. ती माणसं हट्टी नव्हती वो, त्यांच्याजवळ जुना अनुभव होता, आणि तोच आड येत होता. यरुशलेमचं तसंच.

तिसरा शनिवार पत्राचा. 597 ला यरुशलेम पहिल्यांदा शरण गेलं. बाबेलच्या राजांची बखर मातीच्या पाट्यांवर लिहिलेली आहे, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिच्यात नबुखद्नेस्सरच्या सातव्या वर्षी अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी शहर घेतल्याची नोंद आहे, आजच्या हिशेबानं 16 मार्च. गादीवर तीन महिने बसलेला अठरा वर्षांचा यहोयाखीन राजा, त्याची आई, सरदार, कारागीर, लोहार सगळे धरून नेले. आणि बाबेलमध्ये सापडलेल्या कोठाराच्या नोंदीत याच यहोयाखीनला आणि त्याच्या पाच मुलांना तेलाचा शिधा दिल्याचं लिहिलंय, म्हणजे बायबलमधल्या माणसाचं नाव शत्रूच्या रेशनच्या वहीत. सरांनी त्याचा फोटो मोठा करून दाखवला.

या धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पत्र पाठवलं, तो 29 वा अध्याय. त्यातलं अकरावं वचन, देवाच्या मनातले संकल्प तुमच्या हिताचे आहेत हे, आमच्या घरी कॅलेंडरवर आहे, माझ्या मुलीच्या दहावीच्या पॅडवर चिकटवलेलं होतं. पण त्याच्या आधीचं पत्र काय म्हणतं बघा. घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, पोरांची लग्नं करून द्या, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ज्यांच्यासमोर ते पत्र वाचलं गेलं त्यातले बहुतेक जण परतीचा दिवस बघणार नव्हते, हे ऐकल्यावर हॉल एकदम गप्प झाला. ते वचन मी अजून कॅलेंडरवरून काढलेलं नाही, पण आता त्याच्याकडं बघितलं की मला पुढच्या महिन्याचं काम होईल का हे आठवत नाही, परमुलखात आंब्याचं रोप लावणारा म्हातारा आठवतो. (आंबा माझा, बाबेलमध्ये खजूर असणार.) आणि त्याच वेळी यरुशलेमात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील, बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू त्यानं लोकांसमोर मोडून टाकलं. कुणाला टाळ्या पडल्या असतील ते सांगायला नको.

पाचवा शनिवार हॉलमध्ये नव्हता. सरांनी सगळ्यांना किल्ल्यात बोलावलं, आपल्या बेळगावच्या, आणि खंदकाच्या काठाला उभं करून वेढा समजावला. या किल्ल्यानंही वेढे बघितलेत, 1818 साली मन्रोच्या इंग्रजी फौजेनं हा किल्ला वेढा घालूनच घेतला. तिथं उभं राहिलं की कळतं वेढा म्हणजे रोजची लढाई नव्हे, रोजचं मोजणं. किती धान्य उरलं, विहिरीत किती पाणी, बाहेर शत्रूनं मातीचा चढाव कुठवर आणला. यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया, त्याच्या नवव्या वर्षाच्या दहाव्या महिन्यात यरुशलेमला बाबेलचा वेढा पडला आणि अकराव्या वर्षाच्या चौथ्या महिन्यात तट फुटला, दीड वर्ष. यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात ठेवलेलं, त्याला भाकरी भाजणाऱ्यांच्या गल्लीतून रोज एक भाकरी मिळायची, आणि पुस्तकात पुढं लिहिलंय, शहरातली सगळी भाकरी संपेपर्यंत. सरांनी हे वाक्य दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हळू.

मग लाखीशच्या खापऱ्या. मला ही गोष्ट अजिबात माहीत नव्हती. 1935 साली स्टार्की नावाच्या इंग्रज संशोधकाला लाखीशच्या वेशीजवळच्या खोलीत, जळक्या राखेत, शाईनं लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. बाहेरच्या ठाण्यावरच्या अधिकाऱ्यानं आपल्या साहेबाला पाठवलेल्या चिठ्ठ्या. चौथ्या चिठ्ठीत तो म्हणतो की आम्ही लाखीशच्या आगीच्या खुणांवर लक्ष ठेवून आहोत, कारण अजेका आम्हाला दिसत नाही. आणि यिर्मया 34 मध्ये काय आहे, यहूदाच्या तटबंदीच्या गावांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. सर म्हणाले समजा येळ्ळूरच्या राजहंसगडावर रोज रात्री आग पेटते, ती दिसली की गड आपलाच आहे, आणि एके रात्री तुम्ही वाट बघत बसलाय आणि तिकडं अंधारच आहे. संध्याकाळ झालीच होती, आम्ही सगळे नकळत येळ्ळूरच्या दिशेला बघत होतो. दुसऱ्या एका चिठ्ठीत 'हात ढिले करणारे शब्द' अशी तक्रार आहे, आणि 38 व्या अध्यायात सरदार यिर्मयावर हाच आरोप करतात, हा सैनिकांचे हात ढिले करतो, याला मारा. म्हणजे तो त्या वेळचा सरकारी शब्दच होता, आज जसा देशद्रोही म्हणतात तसा. कारण यिर्मया सांगत काय होता, शहराबाहेर जाऊन बाबेलच्या स्वाधीन व्हा म्हणजे जगाल. ऐन वेढ्यात हे उघड बोलणाऱ्याला कुठल्याही राज्यात सोडलं नसतं, हे सरांनी स्पष्ट सांगितलं, सरदारांना राक्षस करून टाकलं नाही, ते मला आवडलं. त्या चार सरदारांपैकी दोघांच्या, यहूकल आणि गदल्या, नावाच्या मातीच्या मोहरा यरुशलेमात उकरताना सापडल्यात, एक 2005 ला, एक 2008 ला, नखाएवढ्या. माझ्या टेबलावर रोज अंगठे आणि शिक्के उठतात, त्या मोहरांचा फोटो मी बराच वेळ बघत बसलो.

मध्ये एक गोष्ट सरांनी पाच मिनिटांत उरकली, मला वाटतं तिला अख्खा तास हवा होता. वेढा पडल्यावर शहरातल्या मालकांनी करार करून आपले इब्री, म्हणजे आपल्याच लोकांतले, दास मोकळे केले. मग मिसरची फौज येतेय म्हणून बाबेलच्या फौजेनं काही दिवस वेढा उठवला, आणि लगेच मालकांनी त्याच लोकांना परत धरून आणलं. संकट टळलं वाटलं की करार मोडला. यिर्मया यावर जेवढा भडकतो तेवढा मिसरवर किंवा बाबेलवर भडकत नाही. संकटात नवस बोलणं आणि बरं झालं की विसरणं आमच्याकडंही घराघरात आहे, पण इथं माणसांचे जीव होते.

वेढा उठला त्या दिवसांत यिर्मया बन्यामीन वेशीतून बाहेर पडत होता, आपल्या गावाकडं आपल्या हिश्शाचं बघायला. वेशीवरच्या अधिकाऱ्यानं धरलं, तू शत्रूला मिळायला चाललास, मारहाण, तुरुंग. पुढं चिखलाच्या हौदात टाकला. तिथून त्याला काढलं अबेद-मलेख नावाच्या कूशी, म्हणजे सुदानकडच्या, राजवाड्यातल्या चाकरानं, आणि त्यानं दोरासोबत जुन्या चिंध्या खाली सोडल्या, काखेत धरा म्हणजे दोर काचणार नाही. कुणीतरी एवढा विचार केला.

आणि मग सहावा शनिवार, 32 वा अध्याय, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. बाहेर मातीचे चढाव तटाला भिडलेत, आत उपासमार आणि रोगराई, यिर्मया कैदेत, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो अनाथोथचं माझं शेत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. असा चुलतभाऊ माझ्या टेबलासमोर दर आठवड्याला बसतो. पण ते शेत कुठं, तर जो मुलूख बाबेलच्या फौजेनं व्यापलाय तिथं. आणि विकत घेणारा तोच माणूस जो रोज ओरडून सांगतोय की शहर पडणार, सगळे धरून नेले जाणार. त्यानं 17 शेकेल रुपे तराजूत तोलून दिलं. सरांनी शेकेलच्या दगडी वजनांचा फोटो दाखवला, एक शेकेल 11 ग्रॅमपेक्षा थोडा जास्त, म्हणजे 17 शेकेल साधारण 190 ग्रॅम चांदी. साक्षीदारांच्या सह्या, मोहर, एक सीलबंद प्रत आणि एक उघडी प्रत, दोन्ही आपला लेखनिक बारूख बिन नेरीयाच्या हातात सगळ्यांसमोर दिल्या, मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

बावीस वर्षं हेच काम करून मला हे कधी दिसलं नव्हतं की तो अख्खा अध्याय म्हणजे एक व्यवहार आहे, आणि नियमानं केलेला आहे. एक प्रत बंद का आणि एक उघडी का, तर उघडी रोज बघायला आणि वाद झाला तर बंद असलेली साक्षीसमोर फोडायची, खाडाखोड केली का ते कळतं. सरांनी त्याच्याच पुढची गोष्ट सांगितली, 1961 साली मृत समुद्राजवळच्या एका गुहेत बबाथा नावाच्या बाईची कागदपत्रं सापडली, रोमविरुद्धच्या यहुद्यांच्या इ.स. 132 ते 135 च्या बंडात पळून गेलेल्यांबरोबरची, चामड्याच्या पिशवीत बांधलेली, आणि त्यातही अशीच दुहेरी लिहिलेली खतं आहेत, वरची प्रत गुंडाळून शिवलेली आणि खालची उघडी. यिर्मयानंतर सातशे वर्षांनीही तीच रीत. माझ्या आजोबांची खतं पत्र्याच्या नळकांड्यात होती, झाकण मेणानं बंद केलेलं, आजी धान्याच्या कणगीत खोल पुरून ठेवायची. मी ते सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या बायका म्हणाल्या आमच्याकडंही तसंच होतं.

आता अर्धा स्टार. पहिलं, हॉलचे पंखे फार आवाज करतात आणि माइक नाही, मागं बसलं तर अर्धं ऐकू येत नाही, लवकर जाऊन पुढं बसा. दुसरं, नोट्समध्ये यहोयाकीम आणि यहोयाखीन यांची दोन ठिकाणी अदलाबदल झालीय, आणि ही तर बाप-लेकांची नावं, नवीन माणसाचा सगळा क्रमच चुकतो, पेननं दुरुस्त करून घ्या. तिसरं आणि मोठं, सातव्या शनिवारी दोन-तीन जणांनी आजच्या लढायांच्या बातम्या काढून कुठलं वचन कुणाला लागू हे सुरू केलं, अर्धा तास त्यात गेला आणि सर भिडस्त, थांबवलं नाही. त्यामुळं शहर पडलं तो भाग, सिद्कीयाच्या डोळ्यांसमोर त्याची मुलं मारली तो भाग, आणि शेवटी यिर्मयाला त्याच्या मनाविरुद्ध मिसरला नेलं तो भाग, सगळं आठव्या शनिवारी घाईत कोंबलं. शहर 587 ला पडलं की 586 ला यावर अभ्यासकांत दुमत का आहे हे समजून घ्यायचं होतं, राहूनच गेलं. आणि कन्नड बोलणारे चौघं होते, त्यांच्यासाठी तक्ता तरी कन्नडमध्ये हवा होता.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं सर म्हणाले. येताना स्वतःचं बायबल आणि पेन्सिल आणा, खानापूर बाजूचे असाल तर परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा कारण चहानंतर गप्पा लांबतात. पाचवा आणि सहावा शनिवार काहीही झालं तरी चुकवू नका.

वर्ग संपल्यावर एका रात्री मी 32 वा अध्याय आमच्या नमुन्यात लिहून काढला. लिहून घेणार यिर्मया बिन हिल्कीया, लिहून देणार हनामेल बिन शल्लूम, मिळकत मौजे अनाथोथ, मुलूख बन्यामीन, मोबदला 17 शेकेल रुपे रोख तोलून पावले, साक्षीदार हजर. सगळे रकाने भरले. फक्त 'सदर मिळकतीचा ताबा आज रोजी खरेदीदारास दिला' हे वाक्य, जे मी दिवसातून चार वेळा लिहितो, ते तिथं लिहिता येईना, कारण त्या शेतात त्या दिवशी बाबेलची फौज होती. ती ओळ कोरी ठेवली. शेवटच्या शनिवारी सरांना तो कागद दाखवला, त्यांनी चष्मा काढून पुसला, परत वाचला आणि विचारलं, झेरॉक्स काढून घेऊ का, पुढच्या नोट्सला लावतो.